हा उजेड कोणी पाडला?

“हा उजेड कोणी पाडला?”

मंडळाचे अध्यक्ष नरहरशास्त्री देवस्थळी यांनी हातातलं कार्ड उंच धरून टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दाखवलं. हशा पिकला. मी दाराजवळ टाइपरायटरसमोर बसले होते. कार्ड मीच टाइप केलेलं होतं. त्यावरचा चौथा शब्दही मीच घातलेला होता, कुणालाही न विचारता.

“घाटपांडे, वाचा हो. मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू द्या.”

मंडळाचे सचिव घाटपांडे उठले, चष्मा वर सरकवला आणि वाचू लागले. “मूळ संज्ञा ल्यूमेन. शास्त्र, शरीररचना. अर्थ, धमनी, शीर, आतडे इत्यादी नळीसारख्या अवयवाच्या आतली मोकळी जागा. सुचवलेले पर्याय. एक, सुषिर. दोन, नलिकाविवर. तीन, अवकाशिका. चार...” ते थांबले, आणि त्यांना हसू आवरेना. “चार, उजेड.”

पुन्हा हशा.

१९७४ सालचा फेब्रुवारी होता. विदर्भातल्या एका मोठ्या शहरात हे शास्त्रपरिभाषा मंडळ भरायचं. शहराचं नाव सांगत नाही, त्या टेबलाभोवती बसलेल्यांची मुलंबाळं अजून तिथं राहतात. इंग्रजी शास्त्रीय शब्दांना मराठी शब्द ठरवायचे, हे मंडळाचं काम. मी कौसल्या नगराळे, वय बावीस, तिथली टाइपिस्ट. नोकरी सहा महिन्यांची, हंगामी. मार्चअखेर कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

प्रत्येक शब्दाचं एक कार्ड असायचं, पोस्टकार्डाएवढं. शास्त्रागणिक पेट्या वेगळ्या. एकच शब्द दोन पेट्यांत आला की मी ती दोन्ही कार्डं बाजूला काढून ठेवायची, असा नियम होता. ल्यूमेन तसा आला होता, भौतिकीच्या पेटीत एकदा आणि शरीररचनेच्या पेटीत एकदा.

मला तो काय ते कळेना, म्हणून मी भौतिकीचे प्राध्यापक हातवळणे यांना विचारलं होतं. साधा माणूस. टाइपिस्टला ‘अहो’ म्हणणारा मंडळात तेवढा एकच.

“दिवा लावला की त्यातून चहूबाजूंनी उजेड बाहेर पडतो ना,” ते म्हणाले, “तो एकूण किती पडतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात. जसं वजन किलोत, तसा हा उजेड ल्यूमेनमध्ये. एककाचं नाव आहे, त्याचं भाषांतर करायचं नाही. ल्यूमेन ते ल्यूमेनच.”

“आणि शरीरातलं ल्यूमेन?”

“ते आपल्याला ठाऊक नाही बुवा. डॉक्टर उकिडव्यांना विचारा.”

मी उकिडव्यांना विचारलं नाही. मला ते विचारायची गरजच नव्हती. कार्डावरचा अर्थ वाचल्याबरोबर मला कळलं होतं, की हे म्हणजे आमच्या बाबांचा उजेड.

माझे वडील, लहानू नगराळे, शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना विभागात नोकर होते. डिसेक्शन हॉल त्यांच्या ताब्यात. हौदातून प्रेतं काढायची, टेबलावर मांडायची, संध्याकाळी झाकायची, फरशी धुवायची. कागदावर एवढंच. पण चौथीपर्यंत शिकलेल्या ह्या माणसाला पहिल्या तीन-चार वर्षांतच माणसाचं सगळं शरीर आतून पाठ झालं होतं. नावं इंग्रजी, कानांनी शिकलेली. सर लोक व्याख्यान देऊन निघून जायचे. मग पहिल्या वर्षाची मुलं चिमटा हातात धरून भांबावल्यासारखी उभी राहायची, आणि कुणीतरी हाक मारायचं, “लहानूकाका, इकडं या ना.”

मी शाळेत असताना कधी कधी त्यांचा डबा घेऊन जायची. हॉलच्या दारात उभी राहून मी ते पाहिलेलं आहे. मृतदेहात धमनी, शीर आणि मज्जातंतू शेजारी शेजारी असतात. तिन्ही करड्या, तिन्ही दोरीसारख्या. मुलांना ओळखता येत नाहीत. बाबा तिन्हींचा एकेक बारीक तुकडा कापायचे आणि मुलांना मोठ्या खिडकीकडे तोंड करून उभं करायचे.

“तुकडा डोळ्यापुढं धर. आरपार पाह्य. उजेड दिसते का?”

“दिसतो.”

“मंग धमनी. मेल्यावरबी तिचं तोंड उघडं राह्यते. ह्याच्यात पाह्य. चपटं झालं, उजेड अर्धामुर्धा. ही शीर. आन् ह्याच्यात? काहीच नाही. भरीव दोरा हाय. हा तंतू.”

एकदा हृदयविकारानं गेलेल्या माणसाच्या हृदयाची धमनी त्यांनी अशीच खिडकीकडे धरली होती. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसत होतं. “पाह्य बाबू,” ते एका मुलाला म्हणाले, “मरायच्या लय आधीच याचा उजेड बारीक होऊन राह्यला होता. याले मालूमच नव्हतं.”

त्या कॉलेजातनं बाहेर पडलेला एकही डॉक्टर तो शब्द विसरला नसेल. धमनीचा उजेड, आतड्याचा उजेड. सर्जन झालेली माणसंसुद्धा तसंच म्हणायची. आणि विभागप्रमुख डॉक्टर दिगंबर उकिडवे, जे आता त्या टेबलापाशी देवस्थळींच्या उजव्या हाताला बसले होते, ते तर त्याच हॉलमध्ये १९५१ साली पहिल्याच परीक्षेत नापास झाले होते. सहा महिने दुपारच्या सुट्टीत बाबांनी त्यांना एकेक तुकडा हातात देऊन शिकवलं आणि पास करवलं. बाबा हे सांगायचे नाहीत. उकिडव्यांच्याच तोंडून ते एकदा आमच्या दारात मी ऐकलेलं होतं.

म्हणून मी तो शब्द कार्डावर टाइप केला. मला वाटलं होतं, शब्द पुढं आला की उकिडवे सांगतील.

हशा ओसरल्यावर देवस्थळींनी त्यांच्याकडे पाहिलं. “डॉक्टर, हा काय प्रकार? आपल्या शास्त्रातला शब्द आहे. धमनीत कुठला आलाय उजेड?”

उकिडवे खुर्चीत थोडे सावरून बसले. “आमच्या हॉलमध्ये एक नोकर आहे, शास्त्रीबुवा. त्याचा शब्द आहे हा. अशिक्षित माणूस. मुलं आपली गमतीनं म्हणतात.”

मी उठून उभी राहिले. टाइपिस्टनं बैठकीत बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं.

“सर, तुम्हीसुद्धा वर्गात तोच शब्द वापरता.”

घाटपांडे हातानं मला बसायची खूण करू लागले.

“मिस नगराळे,” उकिडवे माझ्याकडे न बघता म्हणाले, “वर्गात बोलायची भाषा वेगळी आणि ग्रंथातली वेगळी.”

देवस्थळींनी मान तिरपी करून मला न्याहाळलं. “नगराळे. तो नोकर तुझा कोण?”

“वडील.”

त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. मग खिशातनं रुमाल काढला आणि ज्या दोन बोटांत कार्ड धरलं होतं ती दोन बोटं पुसली. सावकाश पुसली. ती कृती मी पन्नास वर्षं विसरलेली नाही.

“म्हणजे आता प्रेतं उचलणाऱ्यांच्या तोंडचे शब्द आपण ग्रंथात घालायचे,” ते म्हणाले. “मग हे मंडळ कशाला? बैठक स्मशानातच भरवू. घाटपांडे, कार्डावरचा चौथा पर्याय खोडा. आणि कार्डात परस्पर भर घातल्याबद्दल ह्या बाईंचा लेखी माफीनामा घ्या. उद्या दुपारी बारापर्यंत.”

घाटपांडेंनी लाल शाईनं रेघ मारली.

एकटे हातवळणे हसले नव्हते. ते दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघत होते. “मला एक कळत नाही,” ते म्हणाले. “दिव्याचा उजेड मोजायचं एकक, आणि नळीतली पोकळी. ह्या दोन गोष्टींना तिकडं एकच शब्द कसा काय पडला?”

“इंग्रजी भाषा दरिद्री आहे म्हणून,” देवस्थळी म्हणाले. “पुढचं कार्ड.”

उकिडव्यांनी समोरचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

सुषिर हा शब्द एकमतानं मंजूर झाला.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा बाबा पडवीत बसून हातांना लिंबू चोळत होते. औषधाचा वास जावा म्हणून रोज चोळायचे, तो जायचा नाही. आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. मी चप्पल काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, ते पेटून उठतील. ते पेटले, पण माझ्यावर.

“कोनं सांगतलं होतं तुले माहा शब्द तिथं न्यायले?”

“शब्द चुकीचा आहे का बाबा?”

“चूक-बरोबर मंग पाहू. शब्द कोनाचा होता?”

“तुमचा.”

“मंग मले विचारलं का तू?”

मी चप्पल काढायला खाली वाकले.

“त्या हॉलात मले कोनी हासत नाही, कौसे. ह्या गावात माही तशी एकच जागा हाय. बाहेर निघालो का मी मुर्दे उचलनारा. आतमध्ये सगळे मले काका म्हंतात. उद्या मालूम झालं का शास्त्री लोक माह्या शब्दावर हासले, तं हे पोट्टेबी हासतील.”

“आणि उकिडवे? ते खोटं बोलले. तुम्हाला अशिक्षित म्हणाले. तुम्हाला राग येत नाही?”

“राग येऊन मी कुठं जाऊ?”

“कुठंच जाऊ नका. नुसता राग तरी येऊ द्या!”

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. बाबांनी लिंबाची साल अंगणात भिरकावली आणि आत गेले. मला देवस्थळींचा राग होता, उकिडव्यांचा होता, पण सगळ्यात जास्त बाबांचा होता. वीस वर्षं फुकट शिकवलं, आणि वर लाज वाटते ती मात्र ह्यांनाच!

सकाळी मात्र मी एक ठरवलं. माफीनामा द्यायचा नाही. उकिडव्यांकडे जायचं, आणि फक्त एक ओळ लिहून मागायची, की हा शब्द त्यांच्या विभागात खरोखर वापरात आहे. तेवढी ओळ मिळाली तर मी मनची भर घातली असं कोणी म्हणू शकणार नव्हतं.

दहा वाजता मी हॉलमध्ये गेले. टेबलांभोवती पहिल्या वर्षाची मुलंमुली घोळक्यानं उभी होती. बाबा पलीकडच्या भिंतीपाशी बादली भरत होते. मला पाहून त्यांचा चेहरा कडक झाला. उकिडवे एका टेबलाशी काही दाखवून नुकतेच वळत होते.

“सर, एक ओळ लिहून पाहिजे.”

मी काय ते सांगितलं. त्यांनी मला खिडकीशी, मुलांपासून थोडं दूर घेतलं. आवाज खाली आणला. तो आवाज फार समजूतदार होता, आणि म्हणूनच मला तो सहन होईना.

“हे बघ, कौसल्या. माफीनामा देऊन टाक. दोन ओळींचं काम आहे. मी घाटपांडेंशी बोलतो, तुझी नोकरी जाणार नाही.”

“मी चूक केलेली नाही.”

“कोण म्हणतं चूक केलीस? शब्दात काही चूक नाहीये.” ते क्षणभर थांबले. मला वाटतं, त्यांना खरोखर मला बरं वाटावं असं वाटत होतं. “खरं सांगू? तुझा शब्द मूळ शब्दाइतकाच बरोबर आहे. ल्यूमेन हा लॅटिन शब्द आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उजेड. खिडकीलासुद्धा म्हणायचे, भिंतीतल्या ज्या भोकातनं उजेड येतो त्याला. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी नळी आडवी कापली, आरपार पाहिलं, उजेड दिसला, म्हणून त्या जागेला ल्यूमेन म्हटलं. दिव्यावाल्यांनी तोच शब्द पुढं आपल्या एककाला घेतला. हातवळण्यांना काल जे कळत नव्हतं, ते एवढंच आहे.”



“तुम्हाला काल हे माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“तिथं बसला होतात तेव्हा माहीत होतं? हातवळणे सर विचारत होते तेव्हा?”

“तुला तिथलं राजकारण कळत नाही. देवस्थळींच्या तोंडावर मी सांगायचं, की जो अर्थ लॅटिनमध्ये आहे तो आमच्या हॉलच्या नोकराला आपला आपण सुचला? आणि तो मला त्यानं शिकवला? सगळ्यांनी मला काय म्हटलं असतं?”

“तुम्हाला?” माझा आवाज चढला. मुलं वळून बघायला लागली. “तुम्हाला काय म्हटलं असतं ह्याची काळजी तुम्हाला! त्या म्हाताऱ्यानं माझ्यासमोर बोटं पुसली, आणि तुम्ही पाणी पीत बसलात!”

“हळू बोल.”

“साहेब.”

तो आवाज बाबांचा होता. ते बादली ठेवून आमच्या मागं कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

“साहेब, म्हंजे त्यांच्या भाषेतबी उजेडच म्हंतात?”

“लहानू, तू तुझं काम बघ.”

“उजेडच म्हंतात नं?”

“हो,” उकिडवे म्हणाले.

बाबांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. एक क्षणभर त्यांना इतका आनंद झाला, की माझा सगळा राग त्या क्षणापुरता निवला. मग तो आनंद तिथल्या तिथं दुसऱ्या कशात तरी बदलत गेला, आणि तेही मी पाहिलं.

“तुमाले कधीपासून मालूम हाय?”

“एडिंबराला शिकायला गेलो होतो तेव्हा कळलं. बासष्ट साली.”

बाबांनी मनात हिशेब केला. “बारा वर्सं झाली. रोज भेटतो आपन. मले सांगतलं नाही तुमी.”

“सांगून काय झालं असतं, लहानू?”

“मले बरं वाटलं असतं,” बाबा म्हणाले.

उकिडव्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

तेवढ्यात मधल्या टेबलावरून एका मुलीनं हाक मारली. तिला इथलं काहीच माहीत नव्हतं. “लहानूकाका, ही धमनी आहे का हो? मला काही दिसत नाहीये. जरा या ना.”

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात एक चिमटा असायचा. एका जुन्या तुकडीनं पास झाल्यावर त्यांना तो भेट दिला होता. तो त्यांनी काढला, जवळच्या टेबलावर ठेवला आणि त्या मुलीला म्हणाले, “मी झाडनारा मानूस हाय बाई. मले काय समजते त्यातलं? साहेबांले विचारा.”

आणि बादली उचलून ते फरशी धुवायला गेले.

बारा वाजायच्या आत मी मंडळात पोचले. कागद चढवला आणि टाइप केलं: “कार्डावर मी घातलेला शब्द मूळ लॅटिन शब्दाचा नेमका अर्थ आहे. मंडळाच्या कपाटात लॅटिन कोश असल्यास पाहावा. सबब मी माफी मागत नाही.” खाली सही केली. घाटपांडेंनी वाचून तो कागद पालथा घातला. “अगं, नुसतं ‘चुकून झालं’ म्हण ना,” ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता, पण भित्रा होता. मी म्हटलं, “चुकून झालेलं नाही.”

महिनाअखेर मला येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. हातवळणे सर घरी आले, त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. ‘निर्णय झालेला आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. त्यांच्याच चिठ्ठीवर मला पुढं जिल्हा न्यायालयात काम मिळालं, आणि तिथंच मी चौतीस वर्षं टाइप केलं. कोश छापून निघाला. त्यात सुषिर आहे. एकाही डॉक्टरच्या तोंडून तो शब्द मी आजवर ऐकलेला नाही.

पण बाबा हॉलमधल्या त्या दिवसापासून गप्प झाले, ते झालेच.

मुलांनी पुष्कळ विनवण्या केल्या. सुरुवातीला त्यांना थट्टा वाटली. मग रुसवा वाटला. एक जण तर रडला, त्याचा परीक्षेचा दिवस होता. बाबा म्हणायचे, “साहेबांले विचार,” आणि झाडू घेऊन पुढं जायचे. त्या वर्षी पहिल्या परीक्षेत कधी नव्हे एवढी मुलं पडली. उकिडव्यांनी बाबांना खोलीत बोलावलं. पुढं काय झालं ते बाबांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं, जेवताना, शांतपणे.

“साहेब म्हने, पोरांचं नुकसान होऊन राह्यलं लहानू. मी म्हटलं, आर्डर द्या. लिवून द्या का लहानू नगराळेनं पोरांले शिकवावं. उद्यापासून शिकवतो.”

“मग?”

“मंग काही नाही. कागद समोरच होता त्यांच्या. पेनबी होता.”

“काय म्हणाले?”

“म्हने, असं लिवून देता येत नाही.”

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मला त्यांचा फार अभिमान वाटला. मी त्यांना राग यावा म्हणून भांडले होते, आणि तो असा आला होता. माझा राग आरडाओरडा करून एका महिन्यात नोकरी घालवून मोकळा झाला. त्यांचा पाच वर्षं चालला. रोज सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि संध्याकाळी पाचला संपायचा, आणि त्याची झळ सगळ्यात जास्त त्यांनाच लागायची. घरी आल्यावर ते पूर्वीसारखे मुलांचे किस्से सांगेनासे झाले. सांगायला काही उरलंच नव्हतं.

एकदा मी म्हटलं, “बाबा, माझ्यामुळं तुमचं शिकवणं गेलं.”

“तुह्यामुळं नाही.” मग म्हणाले, “पन पोट्ट्यांची आठवन येते.”

मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं की शिकवा, सोडून द्या, मुलांचा काय दोष. मी सांगितलं नाही. मला ते हरलेले बघायचे नव्हते. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

१९७९ साली ते निवृत्त झाले. विभागानं निरोपसमारंभ ठेवला. नोकराचा समारंभ सहसा स्टोअररूमच्या व्हरांड्यात व्हायचा, हा व्याख्यानगृहात झाला. जुने विद्यार्थी गावोगावहून आले होते, त्यातले काही तेव्हा मोठे सर्जन झालेले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उकिडव्यांनी बाबांना शाल दिली आणि दहा मिनिटं भाषण केलं. लहानूची निष्ठा, लहानूचा वक्तशीरपणा, हॉल कसा आरशासारखा असायचा. शिकवण्याबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं, त्यांनी ते भाषण आधी बसून लिहून काढलं असावं, आणि नको ती वाक्यं तेव्हाच गाळली असावीत.

शेवटी ते म्हणाले, “लहानू, दोन शब्द बोल.”

बाबा माइकपाशी गेले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी घडी करून हातावर घेतली.

“मी इथं बत्तीस वर्सं झाडलं,” ते म्हणाले. “मुर्दे ठेवले, धुतले, झाकले. सरकारी कागदावर तेवढंच लिवलं हाय. त्याच्या वरतं मी काही केलं असंन, तं ते साहेबांनी सांगावं.”

असं म्हणून त्यांनी माइक स्टँडवरून काढला आणि उकिडव्यांच्या पुढं धरला.

सगळं सभागृह वाट पाहत होतं. उकिडव्यांनी माइककडे पाहिलं, मग समोरच्या रांगेकडे पाहिलं, आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या फार वेळ चालल्या, आणि त्या थांबेपर्यंत बाबा माइक तसाच पुढं धरून उभे होते.